गौतमी ओव्हाळचा पत्ता

गौतमी ओव्हाळला मी दोन वर्षं रोज संध्याकाळी चुकीच्या ठिकाणी सोडत होते.

माझं घर सूसला, तिचं महाळुंग्याला आणि दोघींची कंपनी हिंजवडीत. माझी स्कूटर त्याच रस्त्यानं जायची, म्हणून जाता-येता ती माझ्या मागे बसायची. नीलमोहर हाइट्स नावाच्या टॉवरच्या गेटपाशी उतरायची, हेल्मेट माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "सायली, नीट जा गं." पुढे जाऊन आरशात बघितलं तरी ती तिथेच उभी दिसायची, हात हलवत. मला वाटायचं, केवढी माया हिची माझ्यावर! माझी स्कूटर वळणाआड कधी जाते याची ती वाट बघत असायची, हे मला फार उशिरा कळलं.

ऑफिसात ती कमी बोलायची आणि बोलली की अगदी पुस्तकासारखं. मी सूसची, माझ्या तोंडून दिवसातून दहादा "लई" निघतं. गौतमीच्या तोंडून कधीच नाही. पुण्यातल्या एखाद्या पेठेत वाढल्यासारखे तिचे शब्द घासूनपुसून यायचे. डब्यात मेथीची भाजी असायची, ताजी आणि कोवळी. "कुठून आणतेस?" विचारलं की म्हणायची, "आई आणते." तेवढंच.

मी तिला छळायचे. "तुझ्या टॉवरात एकदा चहाला तरी बोलव! का आम्हा गावंढळ माणसांमुळे तुमची लिफ्ट खराब होते?" ती हसायची. "बोलवीन ना. आईची तब्येत जरा बरी होऊ दे." दोन वर्षांत ती तब्येत काही बरी झाली नाही, आणि गौतमी म्हणजे चहा पाजायलासुद्धा कंजूस, असं मी मनात पक्कं करून टाकलं.

आमचं काम काय, हे सांगायला लागले की माझी आई जांभई देते, तेव्हा थोडक्यात सांगते. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक आभासी मशीन चालतात. त्यांच्यामध्ये डेटाची ने-आण करणारा स्विच असतो. तो भिंतीवर लावायचा डबा नसतो, तोही एक प्रोग्रामच. सुरू झाला की तो आपला संसार निरनिराळ्या फोल्डरमध्ये मांडतो. त्याच्याशी बोलायचं दार एका ठिकाणी, नोंदींची फाइल दुसरीकडे, लॉग, म्हणजे त्याची रोजनिशी, तिसरीकडे. हे पत्ते प्रोग्राम तयार करतानाच ठरलेले असतात, पण सुरू करणारा माणूस ते बदलू शकतो आणि बदलतोही. त्याच्यावर लक्ष ठेवणारे बाकीचे प्रोग्राम मात्र जुनाच पत्ता धरून बसतात. एका ग्राहकाकडे असंच झालं. स्विच दुसऱ्या ठिकाणी राहायला गेला, आणि लक्ष ठेवणारा प्रोग्राम जुन्या जागी पडलेली शिळी फाइल वाचून "सगळं ठीक आहे" म्हणत राहिला. स्विच तर केव्हाच बंद पडला होता.

मी सुचवलं की चालू असलेल्या स्विचनं आपले पत्ते स्वतःच जाहीर करावेत. त्याला चालवणारा मुख्य प्रोग्राम नेटवर्कवरून त्याच्याशी सतत बोलत असतोच. त्या बोलण्यातच सांगून टाकायचं, मी आत्ता इथे इथे आहे. आमचा टीम लीड अमोघ, त्याला हे पटलं. मी निम्मं कोड लिहूनही टाकलं.

विरोध केला तो गौतमीनं.

"कशाला सांगायचं?" ती मीटिंगमध्ये म्हणाली. "ज्याला माहीत असायला हवं त्याला माहीत असतं. ज्याला नको त्यालाही मग कळणार. हल्ला करणाऱ्याचं काम आपणच सोपं करायचं का?"

"पत्ता कळला म्हणजे दार उघडलं असं होत नाही," अमोघ म्हणाला. "कुलूप वेगळं असतं."

"पत्ता कळला की पुढचं लोक ठरवतात," गौतमी म्हणाली.

ती हे इतक्या कडवटपणे म्हणाली की सगळे तिच्याकडे बघायला लागले. मी मात्र भडकले. माझं कोड धड वाचायचंही नाही आणि वर अक्कल शिकवायची! अमोघनं ते काम बाजूला ठेवलं. त्या संध्याकाळी स्कूटरवर मी तिच्याशी चकार शब्द बोलले नाही. ती गेटवर उतरली, हेल्मेट दिलं, "नीट जा गं" म्हणाली, आणि मी उत्तर न देता निघाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही कॅन्टीनमध्ये जेवत असताना तिला तिच्या आईचा, फुलाबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज मला पलीकडून ऐकू येत होता. "छातीत लई कळ येतीया गं. तुजं आबा कामावर गेल्यात."

गौतमीनं तिथल्या तिथे ॲम्ब्युलन्सला फोन लावला. "नीलमोहर हाइट्स, महाळुंगे. मेन गेटला या. लवकर या, प्लीज." मी शेजारीच उभी होते. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. पत्ता बरोबरच होता की!

आम्ही धावत सुटलो. स्कूटर मी कशी चालवली ते माझं मला माहीत. टॉवरच्या गेटवर ॲम्ब्युलन्स उभी होती, भोंगा चालूच. ड्रायव्हर वॉचमनवर ओरडत होता, वॉचमन दोन्ही हात हलवत सांगत होता, "ओव्हाळ नाम का यहाँ कोई नहीं है भैया, सब विंग में पूछ लिया." तेवढ्या वेळात ड्रायव्हरनं गौतमीला फोन लावला होता, पण तो तिच्या पर्समध्ये वाजून वाजून थांबला होता. स्कूटरच्या आवाजात आम्हाला ऐकूच आला नव्हता.

स्कूटर थांबायच्या आत गौतमीनं उडी टाकली. ॲम्ब्युलन्सकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"काय सांगितलं मी त्यांना?" ती म्हणाली. "सायली, मी काय सांगितलं?"

मला काहीच कळेना. ती ड्रायव्हरला "मागून या, मागून" म्हणत टॉवरच्या उंच भिंतीच्या कडेनं पळत सुटली, आणि मी तिच्या मागे. भिंत संपल्यावर नाला होता, नाल्याकाठी अरुंद बोळ, बोळाच्या तोंडाशी निळ्या झेंड्याचा छोटा विहार आणि पुढे पत्र्याची, स्लॅबची घरं. कमानीवर सिद्धार्थनगर लिहिलेलं होतं.

फुलाबाई उंबऱ्यात पडल्या होत्या. गाडी आली का बघायला त्या दारापर्यंत आल्या असणार. शेजारच्या सगुणाबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. गौतमीला बघून सगुणाबाई रडतच म्हणाल्या, "आगं, कवापासनं भोंगा ऐकू येतुया भितीपल्याड! ही म्हनत हुती, पोरीनं गाडी बोलावलीया, आली बग. पर गाडी काय येईना. कुटं हुती गं गाडी?"

ॲम्ब्युलन्स बोळात शिरली, पण बालेवाडीच्या पुलापर्यंतच फुलाबाई होत्या. जरा आधी पोचलो असतो तर वाचल्या असत्या का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तसं खात्रीनं सांगता येत नाही. गौतमी समोरच बसली होती, पण तिनं ते ऐकलं असं मला वाटत नाही.

मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू? दोन वर्षं माझ्या पाठीमागे बसून ही बाई मला फसवत होती, आणि त्या फसवणुकीची तिच्या जिभेला इतकी सवय झाली होती की आई मरायला टेकली तरी खरा पत्ता तोंडातून निघाला नाही. असा राग मी दोन दिवस बाळगला. तिसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले तेव्हा तिनं आपणहून सांगितलं.

पहिल्या नोकरीत तिला एका मुलीनं विचारलं होतं, महाळुंग्यात नक्की कुठे? ती म्हणाली, सिद्धार्थनगरला. समोरची म्हणाली, "अच्छा." बस, एवढंच. भांडण नाही, शिवी नाही. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी जेवायला दुसऱ्या टेबलावर बसायला लागली. त्यानंतर गौतमीनं कुरिअरपासून कॅबपर्यंत सगळ्यांना टॉवरचाच पत्ता दिला.

आम्ही सूसला जमिनी विकल्या, खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, तरी पत्ता सांगताना माझा आवाज कधी खाली गेला नाही. सूसची म्हटलं की लोक विचारतात, किती गुंठे होते? तिला लोक दुसरंच काही विचारत होते, न विचारता. माझा राग कुठे गेला ते कळलंसुद्धा नाही, आणि मला फार लाज वाटली.

तिचे वडील, आबा, भिंतीला टेकून बसले होते. गवंडीकाम करून हात खरखरीत झालेला माणूस. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "हिची आई बालेवाडीत भाजी इकायची. गिऱ्हाइकाला वरडून सांगायची, जुडी किडकी निगाली तर सिद्धार्थनगरात या, ओव्हाळाचं घर कुणीबी दावंल. हसायची लोकं. पर भाजी तिचीच न्यायची."

मग ते गौतमीकडे वळले. "पोरी, तुला लाज वाटली त्याचं मला काय न्हाई. लाज वाटाय लावनारी लई हायती दुनियेत. पर त्या गाडीवाल्याम्होरं कशाची लाज गं?"

एवढं बोलून आबाच ढसाढसा रडायला लागले. गौतमी रडली नाही. ती उठून आत गेली आणि आईची भाजीची पाटी धुऊन पालथी घालून आली. मला तिच्याकडे बघवेना.

फुलाबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या आधी ऑफिसच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला. आईचं नाव, कार्यक्रमाची वेळ आणि खाली पत्ता: सिद्धार्थनगर, महाळुंगे. नीलमोहर हाइट्सच्या भिंतीमागे, नाल्याच्या बोळातून, विहाराशेजारी. सोबत नकाशावरची खूण. काही जण आले, काही आले नाहीत. अमोघ आला, खाली सतरंजीवर बसला, वंदना संपेपर्यंत हलला नाही.

कामावर परतली त्या दिवशी तिनं माझं अर्धवट पडलेलं कोड उघडलं. त्यातल्या माझ्या दोन चुका काढल्या, उरलेलं लिहिलं, तपासलं आणि दुपारी मंजुरीला पाठवलं. बदलाचं वर्णन तिनं साध्या भाषेत लिहिलं होतं: चालू असलेला स्विच आत्ता कुठे आहे, हे त्यानं स्वतः सांगावं, दुसऱ्या कुणी जुन्या पत्त्यावरून अंदाज करू नये.

अमोघ तिच्या टेबलापाशी आला. "तुझा तर विरोध होता ना याला?"

"होता."

"मग?"

"चुकीच्या पत्त्यावर गाडी उभी राहिलेली बघितली मी," गौतमी म्हणाली.

जागेवर जाऊन अमोघनं बदल मंजूर केला.

संध्याकाळी आम्ही निघालो. टॉवर आला आणि सवयीनं माझा हात ब्रेकवर गेला, स्कूटर गेटपाशी थांबली. एक बाई मुलाच्या स्कूलबसची वाट बघत उभी होती. गळ्यात आमच्याच कंपनीचं कार्ड होतं. गौतमीला बघून ती हसली. "तुम्हाला रोज इथे उतरताना बघते मी. बी विंग ना?"

गौतमी उतरली नाही. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, तो घट्ट झालेला मला कळला.

"न्हाई," ती म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिची घरातली बोली ऐकत होते. "आमी हितं राहत न्हाई. भितीच्या मागं, सिद्धार्थनगरात राहतो."

"अच्छा," ती बाई म्हणाली.

मी आरशात बघितलं. गौतमीचे डोळे भरले होते, पण तिनं मान खाली घातली नव्हती.

"व्हय, तितंच," ती त्या बाईला म्हणाली. "ओव्हाळाचं घर कुणीबी दावंल." मग माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाली, "चल सायली. घरी सोड मला."

मी स्कूटर बोळाकडे वळवली.