गोलपोस्टवरचा कावळा

गेल्या रविवारी सकाळी पारोळ्याच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यावी लागली. बिघाड काही नव्हता... शेजारी बसलेली अपू एवढंच म्हणाली, "मोठे पप्पा, जरा थांबता का?"

अपू माझ्या धाकट्या भावाची, दीपकची मुलगी. आठवीत आहे. दीपक या पावसाळ्यात गेला, झोपेतच. मी इथे फारसं कधी लिहीत नाही, पण हे कोणाला तरी सांगावंसं वाटतंय.

अपू जळगावच्या एका अकॅडमीत फुटबॉल खेळते, आणि आम्ही राहतो धुळ्याला. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना माहीत असेल... खेळतं एक मूल, राबतं सगळं घर. दर रविवारी अंधारात निघायचं, प्रॅक्टिस संपेपर्यंत मैदानाच्या कडेला बसायचं, लग्नकार्य काही बघायचं नाही. पालकांच्या मीटिंगमध्ये सर सरळ सांगतात, कमिटमेंट जमत नसेल तर मुलीला आत्ताच घरी न्या.

दीपकला ते जमत होतं. मेहुण्याच्या हळदीलाही तो गेला नव्हता, मॅच होती म्हणून. सासरचे त्याला 'फुटबॉलराव' म्हणायचे... तो खूश व्हायचा.

दहाव्याला पांझरेच्या काठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. समोरच्या झाडावर चांगले पाच-सहा बसले होते... खाली एकही येईना. आमच्या वडिलांनी शेताची काळजी करू नको म्हणून सांगितलं, मी अपूच्या आईला सांभाळू म्हणालो. काही नाही. ऊन वर आलं.

सगळे नुसतेच उभे बघून गावाकडचे नाना अहिराणीत वैतागले. "बठ्ठा उभा शेतस, आन् कामनं कोणीच बोलत नही! त्याना जीव पोरमा अडकेल शे."

मग मी हात जोडले. "दीपक, अपूचा फुटबॉल बंद पडणार नाही. दर रविवारी मी..." वाक्य पूर्ण व्हायच्या आत एक कावळा उतरला. सरळ पिंडावर.

बायका रडायला लागल्या. मीही. नाना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "देखं? ऐकं त्यानी."

तेव्हापासून दर रविवारी मी गाडी काढतो. गाडी दीपकचीच. त्याने मागे सरकवलेली सीट मी पुढे घेतली नाही, पाठीला उशी लावून चालवतो.

पहिल्याच रविवारी जळगावच्या मैदानावर, गोलपोस्टच्या आडव्या दांडीवर, एक कावळा बसलेला दिसला. कावळे सगळीकडे असतात, हे मला कळतं... पण हा बॉल दांडीला लागला तरी उडत नव्हता. पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच. त्याच्या पुढच्याही.

गोलकीपर मुलीचे वडील शकीलभाई माझ्या शेजारी बसतात. ते म्हणायचे, "भाऊ, याची पण ॲडमिशन करून टाका आता. एक दिवस गैरहजर नाही!" मी हसायचो. मनात मात्र म्हणायचो, आलोय रे दीपक, शब्द पाळतोय.

अपू त्या पोस्टकडे बघायचीच नाही. कॉर्नर असला तरी पाठ करून उभी राहायची, सर ओरडायचे. मला वाटायचं, वडिलांची आठवण येत असेल. तिला विचारलं नाही... आमच्या घरात असं कोणी विचारत नाही.

तर गेल्या रविवारी गाडी थांबली. बाहेर थंडी होती, रस्ता रिकामा. अपूने किट बॅग मांडीवर घट्ट धरली होती.

"त्या दिवशी नदीवर मी पण बोलले होते," ती म्हणाली. "मनात."

मी गाडीचं इंजिन बंद केलं.

"पप्पांना सांगायची हिंमतच झाली नाही कधी. म्हणून तिथे सांगितलं... पप्पा, मला नाही खेळायचं आता. चालेल का? आणि लगेच कावळा आला."

माझ्या अंगावर काटा आला. तिथे सगळ्यांनी माझंच बोलणं ऐकलं होतं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुम्ही किती रडत होता, मोठे पप्पा. नाना तुमच्या पाठीवर हात फिरवत होते... कसं सांगणार?" मग म्हणाली, "तो पोस्टवर बसतो ना, तो दर वेळी मला विचारतो. मी हो म्हटलं होतं ना, मग तू अजून इथे कशी?"

मला वाटायचं तो माझ्यावर लक्ष ठेवून आहे... तो ती कधी बोलते याची वाट बघत होता का? की नुसता कावळाच होता? अजून सांगता येत नाही.

गाडी वळवली. पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, आज येत नाही, सरांशी नंतर बोलतो. धुळे येईपर्यंत अपू मान टाकून झोपली. दीपक गेल्यापासून ती या गाडीत कधी झोपली नव्हती.

घरी पोचलो तर शकीलभाईंचा मेसेज आलेला. नदीवरचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. 'भाऊ, तब्येत बरी ना? आज तुम्ही नाही, आणि तो दांडीवाला पण नाही आला.'

बराच वेळ तो मेसेज बघत बसलो...

मी दिलेला शब्द मोडला की नाही, मला माहीत नाही. कदाचित दीपकने त्या दिवशी तिचंच ऐकलं असेल. मला ते ऐकू यायला हिवाळा उजाडला. अपू, गाडी थांबवायला सांगितलीस... बरं केलंस बेटा.