पैठणचा गोडा समुद्र

चूक माझी होती. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण घरात हे वाक्य म्हणायला मला बरीच वर्षं लागली.

चूक तरी केवढी? एका अक्षराची. आईनं विचारलं, "दिनकर, ह्योच का रे समुद्र?" आणि मी म्हणालो, "हो."

आम्ही पैठणला जायकवाडी धरणाच्या काठावर उभे होतो. आईला समुद्र बघायचा होता. वडील गेल्यापासून तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं. मी चिकलठाण्याला एका कारखान्यात माल तपासायला असतो. (दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो, हे इथं नोंदवून ठेवतो.) रजा शिल्लक नव्हती, स्कूटर होती आणि पैठण जवळ होतं. मी तिला नुसतं नाथांच्या दर्शनाला नेलं होतं. पण समोर ते अफाट पाणी, पलीकडचा काठ दिसेना, आणि आईच्या चेहऱ्यावर असा काही आनंद, की 'हे धरण आहे' म्हणायला माझी जीभच उचलेना.

आई सोयगावकडची. तिचं लहानपण मेंढरांमागं गेलं. अनोळखी पाणी दिसलं की आधी ओंजळभर आपण तोंडात घ्यायचं, चव बघायची, मगच मेंढरं पाण्यावर सोडायची, ही तिच्या माहेरची रीत. मेंढरं कधीच गेली, रीत राहिली. मंगल कार्यालयातल्या पाण्याच्या जारचीसुद्धा ती आधी परीक्षा घेते, मग पाहुण्यांना पिऊ देते. त्या दिवशी तिनं धरणाचं पाणी प्यायलं, पदरानं तोंड पुसलं आणि निकाल दिला, "गोड हाये समुद्र."

एवढ्यावर भागलं असतं. पण पुढच्या वर्षी कमलकाकू कोकणात जाऊन आली.

कमलकाकू म्हणजे माझी धाकटी चुलती. आमच्या मागच्याच गल्लीत राहते. बचत गटाच्या बायकांबरोबर गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा नवरा, मुलं, डबे, सगळं सोडून एकटी बाहेर पडलेली. परत आली ती पिशवीभर शिंपले घेऊन, आणि जो भेटेल त्याला सांगत सुटली. लाटा कशा अंगावर येतात, वाळू पायाखालून कशी सरकते, पाणी कसं खारट लागतं.

इथं आईनं तिला थांबवलं. समुद्र गोड असतो, आपण पोटभर प्यालोय, असं तिनं बजावलं. दोघी भांडत माझ्याकडं आल्या, कारण घरात शिकलेला मी. खरं बोलायची सोन्यासारखी संधी होती. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "तसे समुद्र दोन प्रकारचे असतात."

झालं! आईच्या हाती जणू सरकारी शिक्का आला. त्यानंतर प्रत्येक लग्नात, बारशात, काकूनं सहलीचा विषय काढला रे काढला की आई पंगतीतूनच सांगायची, "कमलला सहलवाल्यानं मिठागर दाखवून आणलं." लोक हसायचे. ज्यांना खरं माहीत होतं ते जास्तच हसायचे. चार-दोन लग्नांनंतर काकूनं सहलीचं नाव काढणंच सोडलं. शिंपले माळ्यावर गेले. हसणाऱ्यांत मी नसायचो, असं मी स्वतःला समजावत असे. (मी आचाऱ्याच्या मागं उभा असायचो.)

यंदा माझ्या मुलीला, पूजाला, कोकणात नोकरी लागली. तिनं फोनवर फर्मान काढलं, दोन्ही आज्यांना घेऊन या, समुद्र दाखवते. मी म्हणालो की दोघींचे गुडघे दुखतात. त्यावर दोन्ही आज्या माझ्यासमोर उठून उभ्या राहिल्या.

निघताना काकूच्या पिशवीत पितळी तांब्या दिसला. माझ्या बायकोनं, सुनंदानं, विचारलं, हा कशाला?

"आक्काला पाणी पाजायचंय," काकू शांतपणे म्हणाली. आक्का म्हणजे माझी आई.

वाटेत चहाला थांबल्यावर मी सुनंदाला बाजूला घेऊन सगळं कबूल केलं. तिनं आधी कप खाली ठेवला.

"अहो, मग आता?"

"आता आईला समुद्राजवळ जाऊ द्यायचं नाही."

"आपण समुद्रच बघायला चाललोय."

हा मुद्दा बिनतोड होता. तरीही मी हरलो नाही. पूजाच्या गावाला समुद्र घोड्याच्या नालेसारखा वळून आत आलाय, उबदार आणि बराचसा शांत. त्याच्या कडेनं चार-पाच किनारे आणि मधेमधे नगरपालिकेच्या बागा. कुठं जायचं ते मी ठरवणार, असं मी जाहीर केलं. घरात मी कधीच काही ठरवत नाही, त्यामुळं आश्चर्यानंच कुणी विरोध केला नाही.

पहिली बाग मी कठडा बघून निवडली. छातीएवढा कठडा, खाली खडक, आणि पार खाली समुद्र. आईनं कठड्यावरून हात खाली सोडून बघितला. नंतरच्या किनाऱ्यावर मात्र कठडा नव्हता. मी एका फलकाकडं बोट दाखवून तिला ठणकावून वाचून दाखवलं, 'येथील पाण्यास तोंड लावू नये.'

काकू बचत गटात सह्या करता करता वाचायला शिकली होती, हे मी विसरलो. ती फलकासमोर उभी राहिली आणि एकेक अक्षर जोडून मोठ्यानं वाचलं, "ये-थे पो-ह-णे धो-क्या-चे." मग माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं.

दुपारी तिसऱ्या ठिकाणी नेलं, तीही बागच. तिथं आईला एक नळ सापडला. तिनं ओंजळ भरली, प्यायली आणि विजयी मुद्रेनं वळली. "बघ कमल. गोड."

"आक्का, त्यो नळ हाये."

"समुद्राच्या शेजारचाच ना? अन् भरदुपारी वाहतोय. आपल्याकडं नळाला पाणी कवा येतं? एवढं पाणी नळाला कुठनं येईल, समुद्रातलंच असणार."

आठवडाभर नळाची वाट बघणाऱ्या बाईला यावर काय सांगणार? काकूनं तांब्या नुसता या हातातून त्या हातात घेतला. पूजा मात्र माझ्याकडं रोखून बघत म्हणाली, "बाबा, तुम्ही काय केलंय?"

शेवटच्या किनाऱ्यावर पूजानं सगळं आपल्या हातात घेतलं. सपाट वाळू, मोकळं पाणी, घोडागाडी, भेळवाले. आई सरळ पाण्याकडं निघाली. मी धावत पुढं गेलो आणि तिच्या आणि समुद्राच्या मधे हात पसरून उभा राहिलो. (समुद्राकडं पाठ करून. आम्ही धरणाची माणसं, पाणी मागून येतं हे आम्हाला ठाऊक नाही.)

लाट आली ती कमरेत. मी आडवा झालो, चष्मा गेला, तोंडात, नाकात, कानात पाणी. माझं लेकरू बुडालं म्हणून आई साडी खोचून आत शिरली, तोवर दुसरी लाट तिच्या तोंडावर फुटली. तिनं मला कॉलरला धरून काठावर ओढलं आणि दोनदा थुंकली.

काकू जवळ आली. इतकी वर्षं ती या क्षणासाठी थांबली होती.

"काय, आक्का?"

आईनं ओठांवरून जीभ फिरवली. "नासलाय," ती म्हणाली. "ह्यो समुद्र नासलाय. आपला पैठणचाच बरा."

मला वाटलं, आता काकू भांडेल. ती भांडली नाही. तांब्या वाळूत ठेवला आणि पाठमोरी होऊन चालू लागली. अख्खा समुद्र पुरावा म्हणून समोर असूनही बाई हरली होती. कारण साक्षीदार मी होतो.

"आई," मी ओरडलो, "पैठणला समुद्र नाही. ते धरण आहे. मी खोटं बोललो."

आईनं विचारलं, "मग ते पाणी कुणाचं व्हतं?"

"सरकारचं."

"अन् हे?"

"हे कुणाचंच नाही."

मला वाटलं, मार पडणार. या वयात, भेळवाल्यांसमोर! पण आईनं तांब्या उचलला, गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन आपल्या हातानं भरला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं न करता गिळला. मग सगळा किनारा ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "खारट हाये, कमल. लई खारट हाये."

काकू थांबली.

"ये इकडं," आई म्हणाली. "बस. सांग तुझी सहल. पहिल्यापासून सांग. मी मधी बोलणार नाय."

आणि काकूनं सांगितली. दोघी ओल्या वाळूत पाय पसरून बसल्या. काकूनं एस.टी.त कोण ओकलं इथपासून सुरुवात केली. नाश्त्याला काय होतं, पहिली लाट कशी आली, कोण घाबरलं, कोण हसलं, एकही गोष्ट गाळली नाही. आई "व्हय का", "अगं माय" करत राहिली. भेळ विकणाऱ्या दोन बायका येऊन ऐकत बसल्या. सूर्य खाली आला तेव्हा काकू परतीच्या प्रवासात फलटणपर्यंत पोचली होती, आणि तिचा चेहरा मला, चष्मा नसूनही, त्या पिशवीभर शिंपल्यांच्या दिवसानंतर पहिल्यांदाच तसा दिसत होता.

सहल संपली. काकूनं मान वळवली. मी ओल्या पँटमध्ये, बिनचष्म्याचा, उभाच होतो.

"तुला काय म्हणायचंय?"

"चुकलो, काकू. तू खरी होतीस. मला माफ कर."

"ऐकू नाय आलं. लाटांचा आवाज हाये."

मी दोन्ही कान धरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "चुकलो! काकू, मला माफ कर!"

लांबून शिट्टी वाजली. जीवरक्षक पोरगा दोर घेऊन धावत आला. "कोण बुडतंय? कोण?"

काकूनं माझ्याकडं बोट दाखवलं.

"ह्यो. पर घाई नको करू बाबा, अजून एकदा म्हणू दे त्याला."

मी म्हणालो.