हजेरीचा पास

चोरीचा माल पोलीस निदान जप्त तरी करतात. चोरीवरची भाषणं कोण जप्त करणार? कोरीट गावात माझं शिवणकामाचं दुकान, पुढे ओटा, आणि गावाचं सगळं राजकारण त्या ओट्यावर. मी मान खाली घालून मशीन चालवायचो, पण कान काही शिवलेले नव्हते. त्यामुळे दुकानात चिंध्या आणि डोक्यात हे किस्से, दोन्ही साचत गेलं.

मुख्य वक्ते आमचे पोलीस पाटील, आबा. लोकल बोर्डाच्या निवडणुकीला त्यांचा भाचा उभा होता आणि गावातल्या चोऱ्या हा त्याचा मुद्दा. आबांना अडवणारा माणूस एकच, शाळेचे मास्तर. कुणी वाकडा युक्तिवाद केला की मास्तर डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवत. टोपी उतरली की आम्ही समजायचो, आता चूक निघणार.

*

एकदा आबा म्हणाले, "औंदा देवीना भंडारा चुकना, अन चोऱ्या वाढन्यात."

टोपी उतरली. "आबा, यंदाच तुम्ही सायकलही घेतलीत. चोऱ्या तिच्यामुळे वाढल्या नसतील कशावरून?"

आबा रागाने निघून गेले. पण पुढचे दोन दिवस सायकल घरी ठेवून पायी हिंडले बरं का!

*

मग आबांनी टूम काढली, भिल्लवस्तीला हजेरी लावा. हजेरी म्हणजे सरकारी यादीत नाव. सकाळ-संध्याकाळ चावडीवर उभं राहायचं आणि पाटलाच्या पासाशिवाय गावाची शीव ओलांडायची नाही. ओलांडली की तुरुंग.

"आजलगून जेवढा माल सापडना, तेवढा भिल्लवस्तीमाच," आबा म्हणाले.

मास्तरांनी विचारलं, "झडती दुसरीकडे कुठे घेतलीत?"

"बाकीनासनी कसाले? त्या काय चोर शेतस?"

आणि यावर अख्खा ओटा माना डोलावतो! मी इतका भडकलो की सुई बोटात गेली. पण खरं सांगायचं तर मीही तोंड उघडलं नाही. आबांच्या घरचे सगळे सदरे माझ्याकडे शिवायला होते.

*

"हजेरी नको म्हणणारा तो चोरना साथीदार," हा आबांचा पुढचा बार.

मास्तरांना दमा होता. खोकत खोकत म्हणाले, "वैद्याचा कडू काढा मी परवा नको म्हणालो. म्हणजे मी दम्याचा साथीदार का?"

लोक हसले आणि हजेरीच्या अर्जावर सह्या करून घरी गेले.

*

यादी आली. तिच्यात सोन्याचं नाव. सोन्या म्हणजे गावचा जागल्या, ज्याच्या भरवशावर आम्ही दारं उघडी टाकून शेतात जायचो, तो! गावाने ज्याला राखणीला ठेवला, त्यालाच गावाने चोरांच्या यादीत घातला.

एका संध्याकाळी सगळी वस्ती चावडीवर हजेरीला उभी असताना मारुतीच्या देवळातली समई गेली. मला वाटलं, वस्ती सुटली बिचारी. छे! आबा म्हणाले, "हजेरी कमी पडस. दोनदानी तीनदा करा."

पुढे महिनाभर चोरी झाली नाही, तर म्हणे, "देखा, हजेरीना गुण!"

*

याच महिन्यात सोन्याची एकुलती एक लेक शिवेपलीकडे ब्राह्मणपुरी गावी बाळंत झाली. आई नसलेली पोर. सोन्या पास मागायला ओट्यावर आला.

"तू चोर नही ना? मंग हजेरीनं भ्याव कसाले?" आबा म्हणाले.

"भ्याव नही, आबा. मन्ही पोरले देखनं शे. नातू व्हयना."

"आज तुले सोडं, तं सकाय सगळी वस्ती उठीसन चालनी जाई."

मास्तरांची टोपी उतरली, तोवर सोन्या चावडीकडे वळलाही होता. त्या दिवशी मला आबांचा सदरा हातात धरवेना.

*

आणि आठच दिवसांत आबांची बैलजोडी गेली. आबांनी सोन्याला माग काढायला लावलं. मातीतले खुरांचे ठसे बघत सोन्या शिवेपर्यंत गेला, मागोमाग आबा, मास्तर आणि आम्ही; आणि तिथे तो बसला. रिवाज असा की शिवेवर माग पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. पण आबा म्हणाले, "परगावना जागल्या सगळा चोर. आपला सोन्याच खरा!"

काल यादीतला, आज खरा. मास्तर टोपीकडे हात नेणार, तेवढ्यात सोन्याने पास मागितला. आबांनी तिथेच लिहून दिला, माग जाईल तिथे जावं.

दुसऱ्या दिवशी बैल आपल्या पायांनी घरी आले. आबांच्याच उसात चरत होते. सोन्या मात्र आठ दिवसांनी उगवला, तो ब्राह्मणपुरीच्या बाजूने. अंगावरच्या धोतराला बाळाच्या काजळाचे डाग.

आबा ओट्यावर गरजले, "माग कोठे गयथा रे, इतला दिवस?"

सोन्या हात जोडून म्हणाला, "आबा, तुम्ही पास दिधा अन बैल घर उनात. मंग सगळी वस्तीले पास द्या ना. गावमा चोरीच व्हवाव नही."

आबांनी मास्तरांकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं.

मास्तरांची टोपी डोक्यावरच होती.