राहीबाईंच्या हातचं माप

चंपा शिलाई मशीनवर बसली की शेलार गावच्या रस्त्याने जाणारा ट्रेलरसुद्धा हॉर्न जरा दबून वाजवतो, असं तिचा नवरा मिलिंद म्हणतो. बायकोच्या बाबतीत मिलिंद खोटं बोलत नाही; त्याला घरी जेवायचं असतं. एकदा चंपाने कुंपणावर पडवळ चढवायचं ठरवलं. पडवळाचा विचार वेगळा होता. पण पंधरा दिवसांत पडवळ मुकाट्याने कुंपणावर होतं.

म्हणून यंदा तिने "आईंना माणसांत आणणार" असं जाहीर केलं, तेव्हा मिलिंदने एकदा पडवळाकडे पाहिलं.

आई म्हणजे सासूबाई, राहीबाई. काही वर्षांपूर्वी त्या शेजारच्या केसरीनाथची म्हैस पाहायला गेल्या, "काय गुणाची हाय गं!" म्हणाल्या, आणि आठवड्यात म्हशीचं दूध आटलं. म्हैस म्हातारी झाली होती, पण तिचं मत कोणी विचारलं नाही. गावच्या भगताने तांदळाचे दाणे टाकून कौल पाहिला आणि राहीबाई भुताळी ठरल्या. भुताळी म्हणजे नुसत्या नजरेने पोरं-गुरं आजारी पाडणारी बाई. तेव्हापासून त्या दिसल्या की आया पोरांना पदराखाली ओढू लागल्या, आणि त्यांच्या हातचं पाणीही कोणी घेईना. चंपा पोलिसांत निघाली होती. राहीबाईंनीच अडवलं. "पोलिसाच्या धाकानं पाजलेल्या चायला चव असते काय?" आणि त्या मागच्या खोलीत जाऊन बसल्या. चंपाने शिवलेल्या कपड्यांना काजं करायची, बटणं लावायची, हातशिलाई घालायची. पोरांचे कपडे त्या शिवत, पण पोरांना हात लावत नसत.

यंदा चंपाने चंग बांधला, तेवढ्यात शाळेने तिला पोरांचे कपडे शिवायचा निरोप धाडला. मुख्याध्यापिका विद्युल्लताबाईंनी स्नेहसंमेलनाचा विषय काढला होता, 'जगभरातली भुतं'. शनिवार मोकळा दिसला म्हणून तारीख धरली, आणि ती नेमकी पितृपक्षात आली. भिवंडीतल्या शिंप्यांनी हात जोडले. पितर जेवायला यायचे दिवस, त्यात काळं कापड आणि भुतांची मापं! म्हणजे आमंत्रणच की.

"आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्यात," मिलिंदने आठवण दिली. "भुतंखेतं आपण मानत नाही."

"मानतंय कोण? मी शिवणार आहे."

आणि तिने शिवली. जपानची बाई, जिची मान रात्री दोरीसारखी लांबते. आयर्लंडची, जी कोणी मरायच्या आधीच रडायला येते. ("आपल्याकडे निदान नंतर येतात," चंपा म्हणाली.) रशियाची म्हातारी, जिचं घर कोंबडीच्या पायांवर उभं असतं. हे मात्र चंपाला फार आवडलं. पाडकामवाले आले की घरच उठून पळेल!

एक चेटकीण उरली. उंच टोपी, काळा झगा, हातात झाडू. ती होणार होती करिष्मा, केसरीनाथची नात.

केसरीनाथ नातीला घेऊन आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला.

"चंपे, माप तू घे. तुझ्या सासूचा हात नको लागाया."

"का हो काका? पोरगी स्वतःच चेटकीण होतेय की."

"ती इंग्रजी चेटकीन! तिला शेलारचा रस्ता ठावं न्हाय. हितली गोष्ट येगली हाय."

चंपाने कात्री खाली ठेवली. याच क्षणासाठी तिने चेटकिणीचा झगा शेवटी ठेवला होता.

"काका, माप आईच घेणार. नाहीतर भिवंडीत दुसरा शिंपी बघा."

"सगल्यांकडं जाऊन आलो."

"मला माहीत आहे."

केसरीनाथ वळून निघाला. पण करिष्मा निघाली नाही. महिनाभर ती झाडूवर बसून अंगणात कोंबड्यांना पळवत होती. असली तयारी वाया घालवणारी ती पोर नव्हती.

"आजोबा, तुम्ही थांबा तिकडं," म्हणून ती सरळ मागच्या खोलीत गेली. "आजी, माझं माप घ्या."

राहीबाई भिंतीला चिकटल्या. हातातलं बटण घरंगळत कोपऱ्यात गेलं.

"नगं गं बाय. जा तू. चंपे, ने हिला!"

चंपा दारात उभी राहिली. तिला वाटलं होतं, लढाई केसरीनाथशी आहे. आता सासूचे डोळे बघून कळलं, ती इथे आहे.

"आई, तुम्हीसुद्धा?"

"खरं असलं तं?" राहीबाई कुजबुजल्या. "मी म्हशीला बघलं न् दूध आटलं. पोरीला काय झालं तं?"

"आई, मी तीस वर्षं तुमच्या हातची भाकरी खाते. माझ्याकडे बघा. हे आटलेलं दिसतंय का?"

चंपाचा एकंदर विस्तार पाहता मुद्दा वजनदार होता. पण राहीबाई हलल्या नाहीत. चंपाने गळ्यातला टेप काढून त्यांच्या हातात ठेवला आणि त्यांची मूठ आपल्या मुठीत धरली.

"मी इथून हलणार नाही, आई. चूल पेटली नाही तरी चालेल. मिलिंद पाव खाईल."

बाहेर केसरीनाथ खाकरला. आत यायला मात्र त्याचा पाय उचलेना.

राहीबाईंनी टेपचं एक टोक पोरीच्या खांद्यावर ठेवलं. खांदा, छाती, मग बगलेजवळ आल्या, तशी करिष्मा खिदळली. पुन्हा टेप लावला, पुन्हा खिदळली, आणि वाकडी होऊन सरळ म्हातारीच्या मांडीत कोसळली. गुदगुल्या! टेप सुटला, गुंता झाला, आणि इतक्या वर्षांत विसरलेला राहीबाईंचा आवाज शेजारच्या आळीपर्यंत खणखणीत गेला:

"हलू नको गं, भुताळे!"

केसरीनाथने ते ऐकलं. नातीचं हसणंही ऐकलं. मग त्याने चपला काढल्या.

"चंपे," उंबऱ्याच्या आत बसत तो पडेल आवाजात म्हणाला, "पानी मिलल का?"

"चहा मिळेल," चंपा मशीनवर बसत म्हणाली. "आई करतील. माप झालं की."