गुलाबाईच्या गाण्याएवढा वेळ

आमच्या मुलीच्या शाळेचे मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. ऋतुजाला वर्गात फिट आली त्या दिवशी तेही घाबरले होते. वर्गातली चार मुलं रडत बाहेर पळाली, एकीच्या वडिलांनी येऊन तक्रार केली. मग मला बोलावून ते म्हणाले, "भाऊ, मुलगी गुणी आहे. पण परत असं झालं तर मला जबाबदारी घेता येणार नाही. मग हे वर्ष तिचा घरीच अभ्यास घ्या, परीक्षेला बसू देतो." सहावीतल्या मुलीनं वर्षभर घरी बसायचं म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं. म्हणूनच बहुधा त्यांनी लगेच घरी बसवलं नाही. पुढची फिट येईपर्यंतची मुभा दिली.

मी जळगावला एका डाळ मिलमध्ये वजनकाटा आणि हिशेब पाहतो. जे मोजता येतं त्यावर माझा विश्वास. ऋतुजाच्या गोळ्यांची वेळ कधी चुकवली नाही, झोप मोडू दिली नाही. तरी अभ्यासात ती मागे पडत होती. गोळ्यांनी सुस्ती यायची, पाठ केलेले पाढे दुसऱ्या दिवशी निसटायचे. मधेच काही क्षण ती नुसती एका जागी बघत राहायची आणि तेवढ्यात बाईंचं वाक्य पुढे गेलेलं असायचं. प्रगतिपुस्तकात शेरा यायचा, लक्ष नसते. पण त्याहून मोठं दुखणं वेगळंच होतं. त्या प्रसंगानंतर तिच्या बाकावर कुणी बसेना. ती घरी येऊन सांगायची, "पप्पा, मला आता पूर्ण बाक मिळतो." हे ती हसून सांगायची, आणि मला जेवण जायचं नाही.

देवावर माझा राग नव्हता, पण भरवसाही नव्हता. भाद्रपद पौर्णिमेला आमच्या सौभाग्यवतीनं बाजारातून गुलाबाई आणि गुलोजी, म्हणजे पार्वती-शंकराच्या मातीच्या मूर्ती आणल्या, तेव्हा मी म्हणालो, "गल्लीतल्या पोरी येणार आहेत का आपल्याकडे?" ती म्हणाली, "अहो, बसवणं आपल्या हातात आहे. येणं त्यांच्या." आमच्या खान्देशात महिनाभर मुली संध्याकाळी घरोघरी जाऊन गुलाबाईची गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात आणि शेवटी डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा असतो. विदर्भात हिलाच भुलाबाई म्हणतात. सुरुवातीला आमच्याकडे ऋतुजा एकटीच गाणी म्हणायची आणि डब्यात काय आहे ते ठाऊक असून मुद्दाम चुकीचं सांगायची. मग एका संध्याकाळी पोरींचा घोळका आला. खरं सांगायचं तर शेजारच्या घराला कुलूप होतं म्हणून आल्या. त्यांच्यात तिच्या वर्गातली भाग्यश्री आणि आणखी दोघी-तिघी होत्या.

गाणं रंगात आलं आणि ऋतुजा खाली पडली. टिपऱ्या थांबल्या. पोरी किंचाळत दाराकडे धावल्या. समोरचे नाना हातात चप्पल घेऊन पळत आले, हुंगवायला. मी तिला कुशीवर वळवलं आणि मोबाइल काढला, कारण झटका पाच मिनिटांच्या वर गेला तर थेट दवाखाना गाठायचा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पण मला आकडे दिसत नव्हते.

तेवढ्यात दारातून एक बाई आत आल्या. हिरवं लुगडं, खांद्याला पिशवी. कुणाचं तरी घर विचारायला आल्या होत्या आणि आमची गल्ली चुकीची होती, एवढंच नंतर कळलं. त्या पोरींवर ओरडल्या, "काब्र थांबन्यात वं पोरीसहोन? म्हना गानं! गानं सरस तोवर उठी बसी ती." गाणं संपेपर्यंत ती उठून बसेल, असं त्या अहिराणीत सांगत होत्या. मग नानांना म्हणाल्या, "नाना, ती चप्पल पायमा घाला. तोंडमा, नाकमा काहीच घालानं नही." नानांनी खरोखर चप्पल पायात घातली. बाईंनी ऋतुजाच्या डोक्याखाली आपली पिशवी सारली आणि स्वतःच गाणं उचललं. गुलाबाईच्या सासरचं ते लांबलचक गाणं, ज्यात प्रत्येक कडव्याला घरातलं एकेक माणूस वाढत जातं. भाग्यश्रीनं रडतरडत सूर धरला, मग दुसरीनं, मग सगळ्यांनी. सासू झाली, दीर झाला, नणंदेचं कडवं चालू असताना ऋतुजाचे हातपाय सैल पडले. शेवटचं कडवं संपायच्या आत तिनं डोळे उघडले.

बाईंनी पोरींना सांगितलं, "पाह्यं ना? आते घाबरानं नही." खाऊचा घास तोंडात टाकला आणि निघाल्या. मी नाव विचारायला हवं होतं. गाव विचारायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी गल्लीत चौकशी केली. कुणी म्हणालं यावलकडच्या असतील, कुणी म्हणालं भुसावळच्या. मी त्यात काही भर घालत नाही. बाई आल्या आणि गेल्या.

माझा स्वभाव मात्र गेला नाही. दुसऱ्या संध्याकाळी पोरी पुन्हा आल्या, तेव्हा मी ते गाणं घड्याळ लावून म्हणून घेतलं. पाच मिनिटांहून थोडं कमी भरलं. एकदा योगायोग असेल म्हणून पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा भाग्यश्री म्हणाली, "काका, पास झालो की नाही? आता खाऊ द्या!" डबा हलायच्या आतच एकीनं ओळखलं, "केळीचे वेफर्स!" मी विचारलं, कसं ओळखलंस? ती म्हणाली, "जळगावात दुसरं काय असणार?" त्या हसण्यात मी त्यांना डॉक्टरांचं म्हणणं समजावून सांगितलं. गाणं संपेपर्यंत उठली तर ठीक. नाही उठली तर धावत जाऊन मोठ्यांना सांगायचं, दवाखान्याची गाडी बोलवायची. पोरींनी माना डोलावल्या. मला वाटलं, खेळ म्हणून ऐकताहेत.

कोजागिरीला थोडेच दिवस होते तेव्हा शाळेतून वर्गशिक्षिका बाईंचा फोन आला. मी काटा तसाच सोडून स्कूटर काढली. वाटेत मनाशी सगळं ठरवून टाकलं, दप्तर घ्यायचं, मुख्याध्यापकांना नमस्कार करायचा, वाद घालायचा नाही.

बाईंनी मला व्हरांड्यातच गाठलं. त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. गणिताच्या तासाला ऋतुजाला फिट आली, बाईंना सुचेना. भाग्यश्रीनं बाक ओढून बाजूला केला, एकीनं तिला कुशीवर वळवलं, एकीनं दप्तर डोक्याखाली ठेवलं, एक कार्यालयाकडे धावली आणि उरलेल्या वर्गानं गुलाबाई म्हणायला सुरुवात केली. मुलंसुद्धा. त्यांना शब्द येत नव्हते, म्हणून ती नुसतीच ठेका धरून होती. तासाला गाणी कुठून ऐकू येतात म्हणून मुख्याध्यापक तणतणत आले आणि दारातच थबकले. शेवटच्या कडव्याला म्हणे त्यांचेही ओठ हलत होते.

मी आत गेलो तेव्हा ऋतुजा शिक्षकांच्या खोलीत चटईवर झोपली होती, भाग्यश्रीच्या मांडीवर डोकं ठेवून. "काका, तुम्ही कशाला आले?" भाग्यश्री कुजबुजली, "गाणं संपायच्या आधीच उठली होती ती." मी ऋतुजाचं दप्तर उचललं. मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "दप्तर कुठे नेताय?"

"घरी, सर. तुम्ही म्हणाला होतात."

"घरी कशाला? झोपू द्या तिला. उठली की वर्गात जाईल."

ऋतुजाच्या फिट्स थांबलेल्या नाहीत, कमी झाल्या आहेत. गोळ्या चालू आहेत आणि डॉक्टर सांगतील तोवर चालू राहतील. गुलाबाईनंही त्या बंद करायला सांगितलेलं नाही. गणितात गुणही फारसे वाढले नाहीत. पण ती एका जागी बघत राहिली की भाग्यश्री तिच्या वहीत त्या ओळीवर बोट ठेवते, आणि ऋतुजा परत आली की तिथूनच पुढे लिहिते. माझी समजूत होती की माझं पोर मीच सांभाळू शकतो, माझी नजर हटली की काहीतरी होणार. देवीनं मला एवढंच दाखवलं, की तिला सांभाळणारे हात कितीतरी आहेत, आणि त्यातले बरेचसे बांगड्या घातलेले, अकरा-बारा वर्षांचे आहेत. शरण जाणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. आपलं करून झालं की पुढचं दुसऱ्याच्या हाती देता येणं, एवढंच मला त्यातून समजलं.

कोजागिरीला गुलाबाईची बोळवण करायला आम्ही मेहरूण तलावावर गेलो. गर्दी होती, अंधार होता, पाणी जवळ होतं. मूर्ती ऋतुजाच्या डोक्यावर होती आणि चहूबाजूंनी पोरी. सौभाग्यवती दोन पावलं मागे होती. मीही पुढे निघालो, तशी भाग्यश्री वळून म्हणाली, "काका, तुम्ही इथंच थांबा. हे आमचं काम आहे."

मी हात जोडले. काही मागायचं सुचलंच नाही. गाणं सुरू झालं, पोरी पाण्याकडे गेल्या, आणि मी थांबलो.