स्लॅबखालची चूल

सुनंदामावशी गेल्याचा फोन तिच्या सुनेचा, वनिताचा होता. ती एवढंच म्हणाली, "ताई, आई गेल्या. दम पुरला नाई." मला आधी राग आला, रडू नंतर. महिना होत आला तरी तो उतरलेला नाही.

लहानपणी सुट्टीत वर्ध्याजवळ आंजीला जायचे, तेव्हा मावशीचं घर कवेलूचं, म्हणजे कौलारू होतं. कापूस वेचून झाला की वाळल्या पऱ्हाट्या उपटून घरामागे रचायच्या आणि वर्षभर चुलीत घालायच्या. धूर कवेलूंच्या फटींतून निघून जायचा. मावशी मोठी थट्टेखोर. भाकर थापता थापता साऱ्या गावाच्या नकला करायची आणि आम्ही हसून लोळायचो.

मग स्लॅबचं घर झालं. पुढच्या खोलीत टाइल्स, टीव्हीला शोकेस. मागच्या स्वयंपाकघरात खिडकी कुठे काढू, असं गवंड्याने विचारलं, तर काकाजी, म्हणजे मावशीचे यजमान, म्हणाले, खिडकी राहू दे, भिंतीला धान्याच्या कोठ्या लागतील. गॅसही आला, पण पाहुण्यांच्या चहापुरता. एरवी त्यावर झाकण. भाकर चुलीवरचीच हवी, कारण काकाजींना गॅसवरच्या भाकरीला चव लागत नव्हती. चव! हंगामभर औषध फवारलेल्या पऱ्हाट्या कोंडलेल्या खोलीत जळायच्या, उरलेल्या औषधाचे डबेही तिथेच माळ्यावर, आणि हे बाहेर हवेशीर ओसरीवर बसून चव बघणार.

मावशीचं बोलणं तुटत गेलं. नक्कल अर्ध्यावर सोडून ती छाती धरून बसायची... वर्ध्याच्या डॉक्टरांनी विचारलं, बिडी ओढता का? मावशी हसली. "नाई जी, म्या निस्त्या भाकरी केल्या." हिला धुरात बसू देऊ नका, असं त्यांनी काकाजींना समोर बसवून बजावलं. काकाजींनी मान डोलावली. त्याच संध्याकाळी चूल पेटली.

भेटायला येणारे म्हणत, वय झालं होतं. कशाचं वय? काकाजी तिच्याहून मोठे, आणि ठणठणीत आहेत.

तेरवीला मी स्वयंपाकघरात गेले. छतापासून खालपर्यंत सगळं काळं. चुलीजवळच्या भिंतीवर एकच जागा उजळ होती, मावशीच्या पाठीएवढी. वर्षानुवर्षं टेकून तिथली काजळी तिच्या लुगड्याने पुसली गेली होती. वनिता नेमकी तिथे बसून, तोंडाला पदर लावून पऱ्हाट्या मोडत होती. मी म्हटलं, गॅस पेटव. दारातून काकाजी म्हणाले, "आजच्या दिवस चुलीवरच होऊ दे. तिची आठवण हाय."

वनिताने हातातली काडी खाली ठेवली. आवाज न चढवता सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, आठवण तुमची हाय. तुमीच बसा इथं."

ती उठून गॅसकडे गेली. काकाजी दारातच उभे होते. भिंतीवरच्या त्या उजळ जागेकडे बघत राहिले, पण आत काही आले नाहीत.