वरून पडलेला दगड

सौदीतल्या अल खर्जच्या आमच्या कॅम्पात गुणाजी परबासारखा वेल्डर नाही आणि त्याच्याइतका चौकस माणूसही नाही. हा देवगडचा गडी आठवडाभर दुधाच्या स्टीलच्या टाक्या जोडतो आणि शुक्रवारी आम्ही ताणून देतो तेव्हा वाळवंटात भटकायला जातो. अशाच एका शुक्रवारी त्याने नारळाएवढा काळाकुट्ट दगड उचलून आणला. लोहचुंबक त्याला खटकन चिकटलं. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, "ह्यो वरसून पडलो हा."

कॅम्पात त्याचं हसं झालं. मी म्हटलं, कुठल्या तरी भट्टीतला गाळ असेल, दे फेकून. पण गुणाजीला तो विकायचा नव्हता की मिरवायचा नव्हता. खरंच आकाशातून आला का, एवढंच त्याला कळायला हवं होतं. त्यापायी जेवणावरचं लक्ष उडालं होतं बिचाऱ्याचं.

शेवटी मी माझ्या आतेभावाला, उन्मेषला फोन लावला. तो दम्मामला धातूंच्या व्यापारात आहे. उद्या अवकाशयानं वरून भरभरून निकेल आणायला लागली, तर इथल्या बाजारभावाचं काय होईल, याचा विचार करायचा त्याला पगार मिळतो! नसती उठाठेव, दुसरं काय. पण असे दगड त्याने पाहिले होते. पुढच्या शुक्रवारी तो गाडी घेऊन आला.

गुणाजीने अभिमानाने दगडावरचं फडकं बाजूला केलं. दगड आरशासारखा चकाकत होता.

"काका, हे काय केलंत?"

"ग्राइंडर मारलंय. पावण्यासमोर गंजलेला कसा ठेवू?"

उन्मेषने कपाळावर हात मारला. "अहो, ती काळी सालच तर खूण होती. खाली येताना जळून झालेली."

गुणाजी मटकन खाली बसला. एवढा मोठा गडी, डोळ्यांत पाणी. मला त्याची दया आली आणि रागही.

"एक उपाय आहे," उन्मेष म्हणाला. "जोड साफ करायचं ॲसिड आहे ना तुमच्याकडे? ते लावू. काहीच उमटलं नाही तर खलास, कारखान्यातलं लोखंड."

हातमोजे चढवून गुणाजीनेच ॲसिड फिरवलं. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. आधी नुसता डाग पडला. मग हळूहळू त्या चकाकीवर आडव्यातिडव्या रेघा वर आल्या, चटईच्या विणीसारख्या.

"हे लोखंड लाखो वर्षं निवत होतं," उन्मेष हलक्या आवाजात म्हणाला. "पृथ्वीवरच्या कुठल्याच भट्टीला ही वीण जमत नाही."

माझ्या अंगावर काटा आला. गुणाजीने हातमोजा काढून डोळे पुसले.

"म्हणजे वरसूनच?"

"वरूनच, काका. उद्या यंत्रं अवकाशात जाऊन असल्याच लोखंडाचे डोंगर फोडतील."

गुणाजी पुन्हा त्या विणीवर वाकला. मग म्हणाला, "यंत्रांबरोबर माका पाठवा. काळी साल खरवडू नको म्हणान सांगूक कोणतरी होयो ना!"